बोटं नीट टेकवा

१

"चारही बोटं नीट टेकवा," काउंटरमागची मुलगी म्हणाली.

मी टेकवली. काचेखाली हिरवा उजेड आला, क्षणभर थांबला आणि लाल झाला.

"जरा जोरात दाबा."

दाबली. लाल.

"रुमालाने पुसून घ्या. हां. आता कपाळावर घासा बोटं, म्हणजे थोडी तेलकट होतील."

व्हिसा केंद्राच्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये, मागे रांगेतली माणसं टक लावून बघत असताना, मी मुकाट्याने स्वतःचं कपाळ घासलं. याआधी मला फोटोत कान दिसत नाहीत म्हणून परत पाठवलं होतं. मग कंपनीच्या पत्रावरचा शिक्का पुसट आहे म्हणून. मग वीजबिलावर घराच्या पत्त्यात मजला लिहिलाय आणि पासपोर्टवर नाही म्हणून. हे सगळं निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले होते, आणि आता कुठे शेवटच्या खिडकीपर्यंत पोचलो तर तिथे ही काच.

लाल.

"काका, तुमच्या बोटांना ठसेच नाहीत," ती म्हणाली. मी ते घरी विसरून आलोय असा तिचा चेहरा.

"ठसे नाहीत म्हणजे काय? बोटं आहेत ना?"

"बोटं आहेत हो. पण मशीन घेत नाही. काम काय करता तुम्ही?"

काम सांगितलं की लोकांना कळत नाही, म्हणून मी थोडक्यात सांगितलं. मोठ्या यंत्रांचे लोखंडी बेड, म्हणजे ज्यावर बाकी सगळं यंत्र सरकतं ते सपाट अंग, मी हाताने खरवडून सपाट करतो. मशीनवर घासून जेवढं सपाट होतं ते आम्हाला पुरत नाही. शेवटचा उंचवटा डोळ्याला दिसत नाही, तो बोटालाच कळतो. वर्षानुवर्षं लोखंडावरून बोटं फिरवून माझी बोटं गुळगुळीत झालीत. ज्या बोटांसाठी मला परदेशात बोलावलंय, ती बोटं त्यांच्या काचेला मान्य नव्हती.

"मग हातांना विश्रांती द्या," ती म्हणाली. "क्रीम लावा, सुती हातमोजे घाला, काम बंद ठेवा. ठसे परत येतात. नवीन तारीख देते."

"आणि नाहीच आले तर?"

"येतात काका. तुमचेच आहेत, जातील कुठे? येतील तुमच्याकडेच."

मला इतका संताप आला होता की मी तिचे आभार मानायलाही विसरलो.

२

साहेबांनी फोनवर ऐकून घेतलं आणि उसासा टाकला. "हे बघ, ते यंत्र तिकडे जाऊन पडलंय आणि चालताना थरथरतंय. बेड तू खरवडलास, तूच जाऊन नीट कर. हे जमलं नाही, तर वरचे लोक म्हणतील की हाताने खरवडायचा विभाग हवाच कशाला. आधीच त्यांच्या डोक्यात ते आहे. नाहीतर मी ग्राइंडरवाल्याला पाठवतो, त्याची बोटं झकास उमटतात."

ग्राइंडरवाला म्हणजे आमच्याच कारखान्यातला एक इसम. जिथे हात फिरवायचा तिथे तो ग्राइंडर फिरवतो आणि वर शिट्टी वाजवतो. त्याने माझ्या बेडला हात लावायचा ही कल्पनाच मला सहन होईना. आणि विभाग बंद झाला तर या वयात मी दुसरं करणार काय? मला दुसरं काही येत नाही.

तेव्हा मी पगारी रजा टाकून घरी बसलो. हाताला क्रीम, त्यावर पांढरे मोजे. बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. ती सकाळी निघताना रोज दारातून मागे वळून बघायची आणि हसायची.

"काय थाट आहे! भांडी नाहीत, कपडे नाहीत. नवरदेवसुद्धा एवढा बसून राहत नाही."

"हसून घे. मला साधा पाण्याचा ग्लाससुद्धा नीट धरता येत नाही."

"मग भिंगरीला सांगा, ती पाजेल."

भिंगरी म्हणजे आमची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. शाळा सकाळची, दुपारी ती घरी आणि तिच्यावर लक्ष ठेवायला मी. तिचा माझा एक जुना खेळ आहे. मी मागून जाऊन तिचे डोळे झाकायचे आणि तिने ओळखायचं. यात ओळखण्यासारखं काही नाही, बोटांची टोकं गुळगुळीत असली तरी माझे तळवे खरकागदासारखे. हात लागताच ती ओरडते, "बाबा!" तरी दर वेळी ती जिंकल्यासारखी हसते आणि दर वेळी मला बरं वाटतं.

मोजे घातल्यापासून तो खेळ बंद होता. नुसतं बसून माझं डोकं फिरायला लागलं होतं. जेवण झालं की बैठकीतल्या खुर्चीत डुलकी लागायची, आणि उठल्यावर आणखीच चिडचिड व्हायची.

एका संध्याकाळी भिंगरी माझ्या मांडीवर येऊन बसली, माझा मोजा ओढून बघितला आणि म्हणाली, "तुझे हात किती मऊ झालेत ना, बाबा. मला आधी ओळखताच नाही आलं."

"कधी?"

"दुपारी."

क्रीमचा गुण आला म्हणायचा, असं म्हणून मी मोजा परत वर ओढला. आपण दुपारी झोपेतून उठून खेळलो होतो का, हे मला आठवेना. पण घरी बसलेल्या माणसाला काल आणि परवा यांतला फरक तरी कुठे कळतो?

३

"अहो, निदान काचेला तरी हात लावू नका," बायको म्हणाली. "कालच पुसली होती मी."

बैठकीच्या खिडकीच्या काचेवर बोटांचे तेलकट डाग होते. चार बोटं आणि जरा खाली अंगठा.

"मी मोजे घालून आहे दिवसभर."

"मग कुणी लावले? भिंगरीचा हात एवढा आहे का?"

तिने फडकं घेऊन घासलं. डाग जाईना. तिने पुन्हा घासलं, मग जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाली, "हे बाहेरून आहे वाटतं."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्या खिडकीला ना सज्जा, ना पाइप, ना जाळी. खाली सरळ गाड्या लावायची जागा. मी डोकं बाहेर काढून बघितलं. पाय टेकवायला एक वीट पुढे आलेली नव्हती.

मी फिटर माणूस आहे. फट दिसली की त्यात पट्टी घालून मापायची, हा माझा स्वभाव. भुताखेतांच्या गोष्टी मी कधी ऐकून घेत नाही, बोलणाऱ्याला मध्येच तोडतो. मी स्वतःला समजावलं की काचा पुसणारा येऊन गेला असेल. सोसायटीत काचा पुसणारा येत नाही, हे मला माहीत होतं. तरी समजावलं.

दोन दिवसांनी डाग काचेच्या आतल्या बाजूला होते.

मग ते बैठकीतल्या आरशावर दिसले. मग फ्रिजच्या दारावर. मग माझ्या खुर्चीशेजारच्या स्टीलच्या तांब्यावर, आणि तिथे ते इतके स्वच्छ उमटले होते की मी चष्मा लावून बघत बसलो. एकेक रेघ सुटी, मधे भोवऱ्यासारखी गोल फिरत गेलेली. असा सुरेख ठसा काउंटरवरच्या मुलीने बघितला असता तर तिने टाळ्या वाजवल्या असत्या. मी मोजा काढून माझं बोट त्याच्या शेजारी धरलं. माझं बोट गुळगुळीतच होतं. काहीही परत आलेलं नव्हतं.

बायकोला मी काही बोललो नाही. बोलून काय सांगणार? की आपल्या घरात कुणाची तरी बोटं आलीत, आणि ती रोज थोडी माझ्या खुर्चीकडे सरकतायत?

४

आमच्या कामात एक निळी पेस्ट असते. आम्ही तिला नुसतं निळं म्हणतो. तपासायच्या सपाट लोखंडी पाटीवर हे निळं अगदी पातळ लावायचं आणि पाटी बेडवर ठेवून सरकवायची. जिथे जिथे लोखंड लोखंडाला टेकलं, तिथे तिथे निळं लागतं. दोन वस्तू एकमेकांना कुठे भिडल्या हे शोधायचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. आणि हे निळं साबणाने लवकर जात नाही, आमच्या घरातल्या उशांच्या खोळींना विचारा.

तारखेच्या आदल्या दिवशी, भिंगरी शाळेत असताना, मी चिंधीने घरभर निळं लावलं. खिडकीच्या काचेला दोन्ही बाजूंनी, आरशाला, फ्रिजच्या दाराला, तांब्याला. इतकं पातळ की मुद्दाम बघितल्याशिवाय दिसू नये. मोज्यांवरून रबरी हातमोजे घातले होते, ते काढून कचऱ्यात टाकले. भिंगरी आल्यावर तिला बजावलं की आज कशाला हात लावायचा नाही. दाराला आतून कडी घातली. मग खुर्चीत ताठ बसलो आणि ठरवलं की आज डोळा लागू द्यायचा नाही.

अर्थातच लागला.

आतल्या खोलीतून भिंगरीच्या हसण्याचा आवाज आला, म्हणून मी जागा झालो. ते तिचं जिंकल्यावरचं हसणं होतं. मी उठलो. दाराची कडी तशीच होती. काचेवर बोटांच्या जागी निळं उचललं गेलं होतं आणि मधली काच लख्ख दिसत होती. आरशावर तेच. तांब्यावर तेच.

भिंगरी पलंगावर पाठमोरी बसून चित्र रंगवत होती. मी हाक मारली तशी तिने वळून बघितलं. तिच्या दोन्ही पापण्यांवर निळं लागलं होतं.

"हे काय लावलंस डोळ्यांना?"

"तूच तर लावलंस."

"मी झोपलो होतो, भिंगरे."

तिने जरा विचार केला. "तू नव्हतास? मग दुपारचा असेल."

"दुपारचा कोण?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली आणि पुन्हा रंगवायला लागली. "माझे डोळे झाकलेले असतात ना."

मी पलंगाखाली बघितलं, कपाट उघडलं, न्हाणीघर बघितलं, माळ्यावर हात घातला. घरात आम्ही दोघंच होतो. मग मला मोज्यांच्या आत बोटांना काहीतरी चिकट लागलं. मी मोजे ओढून काढले. मोजे आतून बाहेरून पांढरेशुभ्र होते, पण माझ्या दहाही बोटांच्या टोकांवर निळं होतं. आणि त्या निळ्यात एकेक रेघ सुटी दिसत होती, मधे भोवऱ्यासारखी गोल फिरत गेलेली.

५

बायकोने सगळं ऐकून घेतलं, भिंगरीला जवळ घेतलं आणि तिच्या पापण्या पुसत राहिली. मग म्हणाली, "झोपेत उठून फिरत असाल तुम्ही. या व्हिसाने तुमचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. कालसुद्धा जेवताना फोटो आणि शिक्का असं काहीतरी पुटपुटत होतात."

"आणि मोजे?"

"ते मला विचारू नका." तिचा आवाज चढला. "मला त्यातलं काही विचारू नका. उद्याचं काम उरका आणि या भानगडीतून सुटा एकदाचे."

मीही तेच धरून बसलो. झोपेत मोजे काढले असतील, हात लावला असेल, परत घातले असतील. मोजे पांढरे कसे राहिले ते सोडून द्यायचं. ठसे आलेत ना? हवे होते ते मिळालं ना? सकाळी साहेबांचा फोन आला, "आज झालं नाही तर ग्राइंडरवाल्याची कागदपत्रं पाठवतो," आणि मी बूट घालून निघालो.

केंद्रात तोच गारठा, तीच मुलगी. माझा नंबर लागला तेव्हा मी कागद तिच्यासमोर ठेवले. कागद ठेवताच हात मी पुन्हा जाकिटाच्या खिशात खुपसले. तिथे गेल्यापासून ते बाहेर काढावेसे वाटत नव्हते.

"आलेत का ठसे?" तिने हसून विचारलं आणि पडद्याकडे वळली. "चारही बोटं नीट टेकवा."

काचेखाली हिरवा उजेड आला. माझ्या डोळ्यांदेखत त्या काचेवर वाफ धरावी तशी चार बोटं उमटली. वरून नाही. ती काचेच्या खालून टेकली होती. टोकं दाबून पांढरी झाली होती.

उजेड हिरवाच राहिला.

"वा!" ती पडद्याकडे बघत म्हणाली. "एकदम स्वच्छ. आता डावा. हां. आता दोन्ही अंगठे. झालं काका, काढा हात."

मी अजून हात खिशातून काढलाच नव्हता.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण मागे रांग होती, तिने पुढचा नंबर पुकारला होता, आणि मनात पहिला विचार आला तो सांगायलाही लाज वाटते. मला वाटलं, आता बोललो तर पुन्हा तारीख मिळेल. पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी उठलो आणि बाहेर आलो.

६

घरी येऊन मी पुन्हा मोजे घातले, ते काढलेच नाहीत. प्रवास होईपर्यंत खबरदारी, असं सांगितलं. दुपारी भिंगरीला खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे पाठवायला लागलो आणि मी घरात टक्क जागा बसून राहायचो. काचा स्वच्छ राहिल्या. आरसा, फ्रिज, तांब्या, कशावरही पुन्हा काही उमटलं नाही. यायचं होतं ते येऊन पोचल्यासारखं घर शांत होतं. त्या शांततेने मला जास्त त्रास दिला.

पासपोर्ट कुरिअरने आला. व्हिसा लागला होता. फोटोत दोन्ही कान व्यवस्थित दिसत होते. साहेब म्हणाले, "बघ, उगाच रडत होतास. परवाचं तिकीट काढतो." इतके दिवस ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते हातात आलं, आणि मला काडीचा आनंद झाला नाही.

माझी हत्यारं आणायला दुपारी कारखान्यात गेलो. जेवणाची सुट्टी होती, शेडमध्ये कुणी नव्हतं. माझी तपासणीची पाटी कोपऱ्यात झाकून ठेवलेली. तिच्या एका कडेला एक उंचवटा आहे, तो फक्त मला ठाऊक आहे. कागदाच्या जाडीहून कितीतरी कमी. नवीन माणूस आला की मी त्याला तो शोधायला लावतो आणि कुणालाच सापडत नाही. मी मोजे काढले आणि डोळे मिटून त्या कडेवरून बोट फिरवलं.

काही लागलं नाही. मी पुन्हा फिरवलं. लोखंडाचा गारवा कळत होता, पण तो दुसरं कुणीतरी लोखंडाला हात लावतंय आणि मला येऊन सांगतंय, तसा कळत होता. मी वेड्यासारखा कितीतरी वेळ तीच कड चाचपत राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की बोटं कडेवर नाहीतच. ती आपण होऊन पाटीच्या मधोमध गेली होती आणि तिथे पसरून स्वस्थ टेकली होती, चारही, अगदी नीट.

मी हत्यारं न घेताच, मोजेही तिथेच टाकून घरी निघालो. या हातांनी मी तिकडे जाऊन काय करणार होतो? त्या यंत्रावर बोट फिरवून त्यांना काय सांगणार होतो? वाटेत हे कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण ऐकणारा म्हणाला असता, व्हिसा मिळाला ना, मग तक्रार कसली.

७

दार बायकोने उघडलं. त्या दिवशी ती अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती. "मिळाली का हत्यारं?" असं विचारून उत्तराची वाट न बघता ती ओट्याकडे वळली. नळ सुरू होता. बैठकीत ऊन आलं होतं.

भिंगरी टेबलापाशी पाठमोरी बसून गृहपाठ करत होती. पाय हलवत, स्वतःशी काहीतरी गुणगुणत.

मला एकच गोष्ट हवी होती. पाटीने ओळखलं नाही तर नाही, काम गेलं तर जाऊ दे. तिने एकदा मला ओळखलं की पुरे, बाकीचं मी बघून घेईन. मी पाय न वाजवता मागे गेलो आणि तिचे डोळे झाकले.

तिची मान स्थिर झाली. पेन्सिल थांबली. तिने दोन्ही हात वर करून माझी बोटं चाचपली, एकेक, सावकाश. मग ती हसली. पण ते जिंकल्यावरचं हसणं नव्हतं, ते गुपित ठेवल्याचं होतं.

"ओळखलं," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "दुपारचा."

मला 'बाबा' म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण निघेल तो आवाज माझाच असेल याची मला खात्री वाटेना.

"जा ना आता," भिंगरी कुजबुजली. "बाबा येईल एवढ्यात."

मी हात काढायला गेलो. ते तिच्या डोळ्यांवर तसेच टेकून राहिले.